गहिनीनाथाने उघडलेले डोळे

गहिनीनाथ फोटोवाल्याचं दुकान आणि माझं शिवणाचं दुकान यांच्यात एकच भिंत होती, आणि तीही पत्र्याची. तो आत खोकला तर माझ्या मशीनवर ऐकू यायचं. राहुरीच्या एसटी स्टँडामागे आम्ही चौदा वर्षं एकमेकांचा चहा प्यायलो आणि एकमेकांवर तोंडसुख घेतलं. त्यामुळे त्याच्याबद्दल लिहायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे. अडचण एवढीच, की त्याच्या गोष्टीत मी काही फार भला माणूस दिसत नाही. हे आधीच सांगून मोकळा होतो.

गावात फोटोवाले तीन होते. बाकीचे दोघे लग्नं-बारशी करायचे. गहिनीनाथाला बोलावणं यायचं ते माणूस गेल्यावर. त्या काळी वाड्यावस्त्यांवरचा माणूस जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर बसत नसे. फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी समजूत. मग म्हातारा डोळे मिटायचा, आणि घरच्यांच्या ध्यानात यायचं की भिंतीवर लावायला काहीच नाही. लगेच सायकलवरून माणूस सुटायचा. गहिनीनाथ आपली हातांची लाकडी खुर्ची आणि काळ्या कापडाचा जुना कॅमेरा घेऊन जायचा. गेलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचा, उपरण्याने पाठीशी बांधायचा, पटका सारखा करायचा, दोन बोटांनी हनुवटी वर उचलायचा आणि फोटो घ्यायचा. पुढचं काम दुकानात. फोटोतल्या मिटलेल्या पापण्यांवर बारीक ब्रशाने तो उघडे डोळे काढायचा. ते असे जिवंत, की फोटो हातात पडला की बाया हंबरडा फोडायच्या. गहिनीनाथ डोळे उघडून देतो, असं अख्ख्या तालुक्यात म्हणायचे.

आणि त्याच बाया तो बाजारात समोरून आला की पोरं पदराखाली घ्यायच्या. सकाळी त्याचं तोंड दिसू नये म्हणून शेजारचा चहावाला पाठ करून स्टोव्ह पेटवायचा. दुसऱ्याला कशाला नावं ठेवू, पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत मीही त्याच्याकडे बघत नसे. त्याला हे माहीत होतं. ऊन चांगलं वर आल्यावरच तो मला हाक मारायचा, "सूर्यभान, झाली का भवानी?" मी हो म्हटलं की मग चहा.

त्याची बायको पुष्पावती नगरजवळच्या केडगावची. सोयरीक जमली तेव्हा मुलाचं फोटोचं दुकान आहे एवढंच तिच्या घरच्यांना सांगितलेलं. वहिनींनी बरीच वर्षं सोसलं. पण पोरगी शाळेत जायला लागली आणि तिच्या शेजारी कुणी बसेना, तेव्हा त्यांचा धीर सुटला. एकाहत्तरच्या दिवाळीला मुलीला घेऊन त्या माहेरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. संक्रांत झाल्यावर सासऱ्यांचा, गोरक्षनाथांचा, निरोप आला. वैशाखात धाकट्या मुलाचं लग्न आहे. फोटो जावयानेच काढावेत, पण मेलेल्यांना पाहिलेला कॅमेरा आमच्या मांडवात नको. नवा घ्या, ते काम कायमचं सोडा, आणि नव्या कॅमेऱ्यावर जित्या माणसांचे फोटो काढून आणून दाखवा. दाखवलेत की पुष्पा तुमच्याबरोबर येईल.

गहिनीनाथाने नगरला जाऊन जुना कॅमेरा देऊन टाकला आणि नवा आणला. गळ्यात अडकवायचा, रोलचा. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा जिती माणसं, म्हणजे बायको आणि लेक घरी, असा त्याचा सरळ हिशेब. दुकानाच्या फळीवर त्याने आठ दिवस आधी खडूने लिहिलं, 'पाडव्याला नदीवर फोटो फुकट.'

बहात्तर सालचा पाडवा. त्याने दुकानापुढे गुढी उभारली, कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं, मला लिंबाचा फुलोरा आणि गूळ दिला. अंगात मी शिवलेला नवा सदरा. मुळा नदीच्या काठी एक जुना लिंब आहे, तो त्या दिवसांत नुसता फुलाने भरलेला. नऊ वाजताचं ऊन पाण्यावर पडून खालून झाडावर उजेड पाडत होतं. नवीन कपडे घालून माणसं नदीकडे येत होती, आणि पोरं पाण्यात होती. इतका चांगला दिवस फोटोला पुन्हा मिळणार नाही, असं तो तीनदा म्हणाला.

एवढं सगळं केलं आणि ह्या शहाण्याने लिंबाखाली बसायला काय मांडलं असेल? तीच खुर्ची.

मी पाहिली आणि लगेच ओळखली. तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं. पण मला राग आला. चौदा वर्षं लोक तुला टाळतात आणि तुला एवढंही कळू नये? मी तोंड फिरवून बिडी पेटवली.

एक नवं जोडपं पुढे आलं. नवरा हसत हसत खुर्चीत टेकला, नवरी मागे उभी राहिली. गहिनीनाथ कॅमेऱ्यात बघणार, तोच मुलाची आई काठावरून ओरडत आली, "ऊठ! ऊठ आधी! त्या खुर्चीत तुझ्या आज्याला बसिवलं हुतं!"

पोरगा चटका बसल्यासारखा उठला. आईने त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायच्या म्हणून त्याला तिथूनच घरी नेलं. मग काय, बघता बघता काठ रिकामा झाला. ज्याच्या त्याच्या घरातलं कुणी ना कुणी त्या खुर्चीत बसून गेलेलं होतं. पाण्यातली पोरंसुद्धा आयांनी ओढून काढली.

"आरं, खुर्चीच हाय की ती," गहिनीनाथ मला म्हणाला. "मी रोज तिच्यावर बसून भाकर खातो." त्याने खुर्ची उचलून लांब झुडपाआड नेऊन ठेवली. पण आता ती ठेवली काय आणि नदीत फेकली काय.

तासभर आम्ही दोघेच. लिंबाची फुलं कॅमेऱ्यावर पडत होती आणि तो ती फुंकरीने उडवत होता. मी म्हटलं, झाडाचा काढ, नदीचा काढ. तो म्हणाला, सासऱ्यानं झाडं मागितली न्हाईत. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "सूर्यभान, तू हुबा ऱ्हातो का? एकच काढतो."

मी म्हटलं, "अरे, दुकानात कामाचा ढीग पडलाय. मला निघायला पाहिजे."

पाडव्याचे सगळे कपडे आदल्या दिवशी गेले होते. माझ्या मशीनवर चिंधीसुद्धा नव्हती आणि त्याला पत्र्यापलीकडून ते ठाऊक होतं. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. घरी तीन पोरं होती, आणि त्या कॅमेऱ्यात नाही तरी त्या माणसाच्या नजरेत काहीतरी असेल, असं वाटलं. तो "बरं" म्हणाला. निघायचं सांगूनही माझा पाय निघेना, म्हणून मी तिथेच मूर्खासारखा उभा राहिलो.

तेवढ्यात आक्काबाई आली. ही खालच्या आळीतली म्हातारी, सत्तरीची, जिभेला हाड नसलेली. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला तेव्हा फोटो गहिनीनाथानेच काढला होता. तोच चौकटीतला फोटो तिने काखेत मारून आणला होता.

"फुकट काढतोस म्हनं. मला नवा नगं, आधी ह्यो नीट करून दे," असं म्हणून तिने चौकट त्याच्यापुढे धरली. "सहा वरसं ह्याच्यापुढं निवद ठिवती. कोन हाय ह्यो मानूस?"

"आवो आजी, तुमचंच म्हातारं की."

"आमच्या म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं हुतं. दह्याच्या थेंबाएवढं पांढरं. लगीन झालं तवापासनं त्यो माझ्याकडं एकाच डोळ्यानं बघायचा. तू दोन धड डोळं लावून दिलंस. सकाळी ऊदबत्ती लावाया जाती तर परका बाप्या बघतो माझ्याकडं. डुईवर पदर घ्यावा लागतो."

मला हसू आलं. पण आक्काबाई हसत नव्हती. तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा गहिनीनाथाकडे.

"हे तर तुझंच डोळं हायेत की रं."

मी पुढे वाकून पाहिलं. बाहेरच्या कडेला उतरते, उजवी पापणी जराशी जड. गहिनीनाथाचे डोळे, जसेच्या तसे. पत्र्याच्या भिंतीला लागून चौदा वर्षं बसलो आणि मला हे कधी दिसलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या बापाचा फोटो त्याने केलेला, घरात रोज समोर. तिथेही हेच डोळे होते.

गहिनीनाथ चौकट घेऊन खाली बसला. बराच वेळ फोटोच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिला. "पयला फोटो केला तवा डोळा कसा काढायचा ते ठावं नव्हतं," तो म्हणाला. "म्होरं आरसा ठिवला अन् बघून काढलं. मग हाताला तेच वळान पडलं. ह्या लोकांचं डोळं मी पाहिलंच कुठं, आजी? मी जातो तवा मिटलेलंच असत्यात."

मला त्याची फार दया आली. राहुरीपासून धरणापर्यंत घराघरांच्या भिंतींवरून हाच एक माणूस बघत होता, आणि रस्त्यात त्याच्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं.

आक्काबाईचा आवाज खाली आला. "मग आता बघ माझ्याकडं," ती म्हणाली. "मी जिती हाय. माझा काढून ठिव. मला मेल्यावर तुझं डोळं नगंत, माझं मलाच पायजेत." आणि ती लिंबाच्या मुळीवर फतकल मारून बसली.

गहिनीनाथ उठला. तिच्याजवळ गेला, काही न विचारता तिचा पदर सारखा केला, आणि दोन बोटं तिच्या हनुवटीखाली घालून तिचं तोंड वर केलं. आक्काबाईने फाडकन त्याच्या हातावर मारलं. "मढं न्हाई मी! तोंडानं सांग, करती."

तो ओशाळला. मग कॅमेऱ्यामागे गेला. समोरचं माणूस हलत होतं, बोलत होतं, नाक पुसत होतं. ह्याची त्याला सवयच नव्हती. आजी, हलू नका, म्हणायचं त्याला सुचेना, कारण आजवर ते म्हणायची वेळच आली नव्हती. शेवटी एकदाचं कळ दाबल्याचं ऐकू आलं. "झाला?" आक्काबाईने विचारलं. "झाला," तो म्हणाला, आणि इतका खुलून हसला की मला वाटलं, आता आपणही उभं राहावं. मी सदऱ्याची कॉलर सारखी केलीसुद्धा.

त्याच वेळी काठावरून सायकल आली. नदीपलीकडच्या वस्तीवरचा मच्छिंद्र माझं गिऱ्हाईक, त्याचा चुलतभाऊ धापा टाकत उतरला. मच्छिंद्रची बायको मनकर्णा पहाटे बाळंत झाली आणि दिवस उगवता गेली. वय वीस. पोरगी जगली होती. मनकर्णाचा एकही फोटो घरात नव्हता. "दुसऱ्या फोटोवाल्यांनी न्हाई म्हनून सांगितलं," तो पोरगा रडत म्हणाला. "दादा म्हनतो, पोरीला पुढं दिसाया पायजे, आई कशी हुती."

गहिनीनाथाने गळ्यातल्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. मला त्याच्या मनात काय चाललंय ते स्पष्ट दिसत होतं. जुना कॅमेरा नगरला देऊन टाकलेला. हाच एक होता, आणि ह्या कॅमेऱ्याने आजवर एकच जिता माणूस पाहिलेला.

"जाऊ नको," मी म्हटलं. "वहिनींना काय सांगशील?"

"अन् त्या पोरीला काय सांगू?" तो म्हणाला. झुडपाआडची खुर्ची त्याने काढली. मीच ती सायकलला बांधून दिली आणि मागोमाग गेलो.

वस्तीवरचं सगळं सांगत नाही. पण एक गोष्ट त्याने तिथे पहिल्यांदाच केली. फोटो झाल्यावर निघाला नाही, मच्छिंद्रशेजारी जमिनीवर बसला आणि विचारू लागला, तिचं डोळं कसं हुतं? मच्छिंद्रला काही सांगता येईना. चार वर्षं संसार केला आणि डोळे कसे होते हे बाप्याला आठवेना, म्हणून तो जास्तच रडायला लागला. मग मनकर्णाच्या आईने सांगितलं, पिंगट होते, मोठे होते, आणि हसायची तेव्हा डावा आधी बारीक व्हायचा. गहिनीनाथाने ते ऐकून घेतलं. पुढे चार दिवस पत्र्यापलीकडे ब्रश धुतल्याचा आवाज येत होता. तीन कागद त्याने फाडले. चौथ्यावर जी मनकर्णा उतरली, ती आत्ता काहीतरी चेष्टा करेल असं वाटत होतं.

त्याच रोलमध्ये आक्काबाई होती. तो फोटो त्याने मला दाखवला आणि मी कपाळावर हात मारला. म्हातारीने नेमकी पापणी मिटलेली. तोंड जरासं उघडं, डोळे बंद. मेलेली माणसं पापणी हलवत नाहीत, त्यामुळे थांबून, बघून कळ दाबायची असते हे त्याला कुठून ठाऊक असणार? आणि आक्काबाई तर पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी शिर्डीला लेकीकडे गेलेली, महिनाभर यायची नाही.

"मग उघड ना डोळे," मी म्हटलं. "तुझ्या हातचा मळ आहे."

"न्हाई. तिचं तिलाच पायजेत म्हनली ती."

दुसरा रोल घातला तरी उरलेले फोटो कुणाचे काढणार? नवा कॅमेराही पहिल्याच दिवशी मढ्यावर गेला, ही बातमी गावभर झाली होती. कुणी विचारायला आलं नाही, आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही. मलाही नाही. मीही होऊन म्हटलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

पाडव्यानंतर बाराव्या दिवशी आम्ही केडगावला गेलो. एकट्याला जायचा धीर नव्हता म्हणून त्याने मला बरोबर घेतलं. गोरक्षनाथांनी ओसरीवर सतरंजी टाकली. लेक दारामागून बापाकडे बघत होती. वहिनी पाण्याचा तांब्या ठेवून उभ्या राहिल्या. गहिनीनाथाने पाकिटातून दोन फोटो काढले, नव्या कॅमेऱ्यावर निघाले होते तेवढेच.

वहिनींनी आधी मनकर्णाचा उचलला. चेहरा उजळला त्यांचा. "कोन वो ही? लई गोड हाय." मग त्यांनी दुसरा पाहिला, आणि तांब्याकडे गेलेला त्यांचा हात तसाच राहिला. "ही म्हातारी गेलेली हाय ना? सोडलं म्हनून सांगता, अन् पुन्हा तेच केलंत."

मी सतरंजीवर त्याचं मनगट घट्ट दाबलं. फक्त म्हण, दोघीही जित्या आहेत. आक्काबाई शिर्डीत धडधाकट आहे, आणि मनकर्णा तर फोटोत जितीच दिसते. कुणाला कळणार आहे? माझ्या दाबण्याचा अर्थ त्याला पुरता कळला होता. त्याने हात सोडवून घेतला.

"म्हातारी जिती हाय," तो म्हणाला. "तिनं पापनी मिटली, मला ध्यान न्हाई आलं. गेली ती ही, तुम्ही गोड म्हनलात ती. बाळंतपनात. पोर बारा दिसांची हाय."

गोरक्षनाथ उठून अंगणात गेले. वहिनी मनकर्णाच्या फोटोकडे बघत राहिल्या. "पोर कुनाकडं हाय?" त्यांनी विचारलं. आजीकडे, असं त्याने सांगितलं. त्यांनी पदराच्या टोकाने फोटो पुसला, दोन्ही एकावर एक ठेवून त्याच्या हातात दिले, आणि मुलीला घेऊन आत गेल्या. चहा आला, तो आम्ही प्यायलो. लग्नाचे फोटो नगरच्या कुणीतरी काढले. वहिनी पुढे आल्या, नाही असं नाही. पण त्या आल्या पुढच्या उन्हाळ्यात, केडगावच्या विहिरी आटल्या तेव्हा.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. त्या पाकिटात उघड्या डोळ्यांचं एक जितं माणूस हवं होतं. एकच. ते त्या दिवशी नदीवर सदऱ्याची कॉलर सारखी करत उभं होतं आणि कामाचा ढीग सांगत होतं. हे माझ्या मनातून जाईना. विळद मागे पडलं तेव्हा मी म्हटलं, "गहिनी, उतरल्या उतरल्या माझा फोटो काढ. आजच काढ."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत मी त्याला इतका वेळ माझ्याकडे बघू दिलं नव्हतं. आधी एका डोळ्यात पाहिलं, मग दुसऱ्या. रागावलेला अजिबात नव्हता.

"ऱ्हाऊ दे आता, सूर्यभान," तो म्हणाला. "तुझं डोळं मला पाठ झालेत."

मी तिकिटाची घडी करून खिशात घातली आणि राहुरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.